युरोपात आलेला माणूस ‘तिथला’ झाला, हे मोजायचं कसं?

नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर उट्रेख्तमध्ये जन्मले, डच शाळेत शिकले, डच नौदलात राहिले. तरीही सरकारी आकडेवारीच्या हिशोबानं ते कित्येक वर्षं ‘बाहेरचे’ होते. आई-वडिलांपैकी एक जरी परदेशात जन्मलेला असला, तरी त्या माणसाची नोंद ‘अलोख्तोन’ म्हणून, म्हणजे मुळचा इथला नसलेला अशी करायची, ही डच सांख्यिकी खात्याची व्याख्या होती. आणि राजांचे वडील प्रिन्स क्लाउस जर्मनीत जन्मलेले. राणी मॅक्सिमा तर अर्जेंटिनाच्या. लॅटिन अमेरिका ‘बिगर-पाश्चात्त्य’ खान्यात पडत असल्यामुळे त्या स्वतः आणि गादीच्या वारसदार राजकन्येसह त्यांच्या तिन्ही मुली ‘बिगर-पाश्चात्त्य अलोख्तोन’ ठरत. रॉटरडॅममधल्या एखाद्या मोरोक्कन कामगाराचा मुलगा ज्या खान्यात, त्याच खान्यात.

या व्याख्येतली खरी मेख पुढे आहे. आशियातले सगळे देश ‘बिगर-पाश्चात्त्य’ धरले जात, अपवाद फक्त जपान आणि इंडोनेशियाचा. कारण काय, तर जपानी लोक बहुतेक करून कंपन्यांचे नोकरदार आणि त्यांची कुटुंबं, आणि इंडोनेशियाहून आलेले बरेचसे जुन्या डच वसाहतीतले. दोघांचं बस्तान आधीच बसलेलं. म्हणजे ज्यांचं बरं चाललंय त्यांना अगोदर बाजूला काढायचं, आणि मग उरलेल्यांकडे बघून ‘यांचं काही ठीक दिसत नाही’ असा निष्कर्ष काढायचा. २०१६ साली सरकारी वापरातून ‘अलोख्तोन’ हा शब्द गेला, पुढे पाश्चात्त्य-बिगर-पाश्चात्त्य ही विभागणीही खात्यानं सोडली. पण तोवर दोन-तीन दशकांचे अहवाल त्याच चौकटीत लिहून झाले होते.

युरोपातल्या जवळपास प्रत्येक निवडणुकीत हा प्रश्न येतोच: बाहेरून आलेले लोक आपल्यात किती सामावले? उजवे एक आकडा पुढे करतात, डावे दुसरा. दोन्ही आकडे बहुधा खरे असतात. गोंधळ आकड्यात नसतो, तो आकड्याच्या आधी घेतलेल्या दोन निर्णयांत असतो: मोजायचं कोणाला, आणि तुलना कोणाशी. हे दोन निर्णय यजमान देश घेतो. त्यामुळे स्थलांतरितांविषयीचा म्हणून जो आकडा आपण वाचतो, त्यात त्या देशाविषयीचीच माहिती निम्मी असते, असं माझं मत आहे. पुढचा सगळा लेख त्याच अंगानं जाणार आहे.

आधी मोजायचं कोणाला

जर्मनीनं १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार बोलावले. १९७३ साली भरती थांबली, पण आलेले लोक राहिले, बायका-मुलं आली, कोलोनमध्ये आणि बर्लिनमध्ये नवी पिढी जन्मली. ही मुलं मात्र कागदोपत्री तुर्कीच राहिली, कारण २००० सालापर्यंत जर्मन नागरिकत्व मुख्यतः रक्ताच्या नात्यानं मिळत असे, जन्मस्थळावरून नाही. त्याच काळात रशिया आणि कझाकस्तानातून जर्मन वंशाचे लाखो लोक आले. त्यांच्यातल्या अनेकांना जर्मन धड बोलता येत नव्हतं, पण नागरिकत्व लगेच मिळालं. आकडेवारी तेव्हा ‘जर्मन’ आणि ‘परदेशी’ एवढीच होती. म्हणजे कोलोनमध्ये जन्मून तिथल्याच बोलीत भांडणारा तरुण परदेशी, आणि गेल्याच महिन्यात कझाकस्तानातून उतरलेला माणूस जर्मन.

पासपोर्टवरून मोजण्यात आणखी एक सापळा आहे. ज्याला चांगली नोकरी मिळते, भाषा येते, गुन्ह्याची नोंद नसते, त्यालाच नागरिकत्व मिळतं. ते मिळालं की तो ‘परदेशी’ यादीतून बाहेर पडतो. यादीत मागे उरतात ते नव्यानं आलेले किंवा ज्यांची गाडी अडकली ते. वर्गातली हुशार मुलं दरवर्षी दुसऱ्या तुकडीत हलवायची आणि मग या तुकडीचा निकाल का सुधारत नाही म्हणून मास्तरांना विचारायचं, तसला हा प्रकार. देश जितकं सढळ हातानं नागरिकत्व देतो, तितकी त्याच्याकडच्या ‘परदेशी’ लोकांची आकडेवारी वाईट दिसण्याचा संभव वाढतो.

जर्मनीनं २००५ पासून आपल्या मोठ्या वार्षिक नमुना पाहणीत ‘स्थलांतराची पार्श्वभूमी’ असा नवा खाना आणला: स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जन्मानं जर्मन नागरिक नसेल, तर पार्श्वभूमी आहे. फ्रान्सनं नेमकी उलट वाट धरली. तिथं १९७८ च्या कायद्यानं वंशाच्या नोंदी करण्यावर कडक बंधनं आहेत, आणि २००७ साली तिथल्या घटना परिषदेनंही वंशावर आधारलेली आकडेवारी अमान्य केली. फ्रेंच हिशोबात स्थलांतरित म्हणजे परदेशात परदेशी म्हणून जन्मलेला माणूस. अल्जीरियन आई-बापाचं लियाँमध्ये जन्मलेलं मूल फक्त फ्रेंच. तत्त्व म्हणून हे उदात्त आहे; पण त्या मुलाला नोकरीत डावललं जातं का, हे शोधायचं तर मुख्य आकडेवारीत त्याचा मागच लागत नाही. म्हणून मग खास पाहण्या कराव्या लागल्या, २००८-०९ आणि २०१९-२० साली, ज्यांत आई-वडिलांचा जन्म कुठला हे विचारलं गेलं. ब्रिटनचं तिसरंच: १९९१ पासून जनगणनेत माणसानं आपला वांशिक गट आपणच निवडायचा. त्यामुळे लेस्टरमधल्या गुजराती घरातली तिसरी पिढीही स्वतःच्या हातानं ‘इंडियन’ या चौकोनात खूण करते.

या व्याख्या दोन ओळखीच्या माणसांना लावून बघू. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर डब्लिनमध्ये जन्मले. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष अंतोनियो कोस्ता लिस्बनमध्ये जन्मले. वडील गोव्याच्या घराण्यातले, जन्म मोझांबिकमधला, बालपण मडगावात. डच व्याख्या लावली तर दोघेही बाहेरचे, कारण दोघांचे वडील परदेशात जन्मले. फ्रेंच व्याख्येनं दोघेही इथलेच. जर्मन व्याख्या लावायला गेलं तर दोघांची फारकत होते: मोझांबिक आणि गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात असल्यामुळे कोस्तांचे वडील जन्मानं पोर्तुगीज नागरिक, म्हणून मुलाला ‘पार्श्वभूमी’ नाही; वराडकरांना मात्र आहे. माणसं तीच, आयुष्यं तीच.

(आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? भारताच्या जनगणनेच्या व्याख्येत लग्न होऊन शेजारच्या गावी नांदायला गेलेली बाईही ‘स्थलांतरित’ धरली जाते, आणि देशातल्या स्थलांतरितांचा मोठा भाग अशा बायकांचाच आहे.)

चार खण आणि त्यातलं सामान

युरोपीय संघाच्या देशांनी २००४ साली काही समान तत्त्वं मान्य केली. त्यातलं पहिलंच तत्त्व सांगतं की सामावणं ही दुहेरी प्रक्रिया आहे. आलेल्यानं जुळवून घ्यायचं आणि असलेल्यांनीही. मग २०१० च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या झारागोझा शहरात मंत्र्यांची बैठक झाली आणि मोजमापाचे चार खण ठरले: रोजगार, शिक्षण, सामाजिक समावेश, सक्रिय नागरिकत्व. रोजगारात कामाचा आणि बेकारीचा दर. शिक्षणात किती शिकले, किती मुलांनी शाळा सोडली, पंधरा वर्षांच्या मुलांना वाचन-गणित किती येतं. तिसऱ्या खणात उत्पन्न, गरिबीचा धोका, तब्येत, स्वतःचं घर. चौथ्यात नागरिकत्व, कायमचा परवाना, निवडून आलेले प्रतिनिधी. युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट आणि ओईसीडी (बहुतांशी श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) यांचे अहवाल आजही बरेचसे याच आराखड्यावर बेतलेले असतात.

बारकाईनं बघा: तत्त्व दुहेरी प्रक्रियेचं, पण चारही खणांत मोजमाप एकाच बाजूचं. स्थानिक घरमालकानं नाव ऐकून फोन ठेवला का, हे यातल्या कुठल्याच खणात बसत नाही.

यातला रोजगार हा सगळ्यांचा लाडका निकष. आकडा नियमित येतो, सगळ्या देशांत जवळजवळ सारख्या पद्धतीनं काढलेला असतो. २०२३ साली युरोपीय संघात २० ते ६४ वयाच्या लोकांपैकी, आपल्याच देशात राहणाऱ्या नागरिकांतले सुमारे ७६ टक्के कामावर होते. संघातल्याच दुसऱ्या देशातून आलेले सुमारे ७७ टक्के. संघाबाहेरच्या देशांचे नागरिक सुमारे ६३ टक्के. म्हणजे १३ टक्क्यांची दरी. वर्तमानपत्रात मथळा होतो तो या दरीचा.

आता हीच दरी देशागणिक बघायला गेलं तर चित्र चमत्कारिक होतं. स्वीडन, नेदरलँड्स, बेल्जियम अशा श्रीमंत आणि कल्याणकारी योजनांनी भरलेल्या देशांत दरी मोठी. इटलीसारख्या देशात लहान. मग इटलीत लोक जास्त छान सामावले म्हणायचं? दरी म्हणजे वजाबाकी, आणि वजाबाकीत दोन आकडे असतात. स्वीडनमध्ये तिथं जन्मलेल्या बायका जवळपास पुरुषांइतक्याच नोकऱ्या करतात, त्यामुळे तुलनेची रेघ मुळातच खूप उंच आहे. इटलीत, विशेषतः दक्षिणेत, इटालियन बायकांचाच रोजगार दर कमी. रेघ खाली, म्हणून दरी लहान. शिवाय इटलीत स्थलांतरितांना काम मिळतं ते कोणतं, तर म्हाताऱ्यांची शुश्रूषा, शेतातली तोडणी, हॉटेलातली भांडी. युक्रेन किंवा पेरूहून आलेली पदवीधर बाई मिलानमध्ये एखाद्या आजीबाईंच्या उशाशी रात्रभर बसते, तेव्हा रोजगाराच्या खान्यात ती यशाची खूण असते.

म्हणून दुसरा एक निकष सोबत ठेवावा लागतो: उच्चशिक्षित असूनही कमी दर्जाच्या कामात अडकलेल्यांचं प्रमाण. २०२३ च्या आकड्यांनुसार देशाच्या स्वतःच्या नागरिकांत ते साधारण २१ टक्के, संघातल्या इतर देशांच्या लोकांत ३१, आणि संघाबाहेरच्यांत ३९. इटली आणि ग्रीसमध्ये संघाबाहेरच्यांसाठी हेच प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास जातं. पहिल्या निकषावर पास झालेली इटली दुसऱ्यावर सपशेल आपटते.

हा निकष आपल्या वाचकांना लवकरच जवळचा वाटू लागेल. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे, आणि परिचारिकांना जर्मन शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. सांगलीची एखादी नर्स बीएस्सी नर्सिंग आणि अतिदक्षता विभागाचा अनुभव घेऊन स्टुटगार्टला गेली, तरी तिथल्या यंत्रणेनं तिच्या पदवीला मान्यता देईपर्यंत ती मदतनीस म्हणूनच काम करते. सांख्यिकीत ती त्या काळात ‘पात्रतेपेक्षा खालच्या कामात’ मोजली जाईल. तिच्या हुशारीत उणं काही नाही. मान्यतेची फाईल किती महिने फिरते त्याचं ते मोजमाप. दुसरीकडे पुण्याहून ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या युरोपीय कामाच्या परवान्यावर) गेलेला सॉफ्टवेअरवाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर. जर्मनीत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या भारतीयांचा मधला पगार जर्मन लोकांपेक्षाही जास्त आहे. त्या माणसाला कदाचित ‘गुटेन टाग’च्या पुढे जर्मन येत नसेल, शेजाऱ्याचं नावही माहीत नसेल, त्याचे शनिवार-रविवार मराठी मंडळाच्या गणपतीच्या तयारीत जात असतील. चारपैकी तीन खणांत तो अव्वल. त्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची प्राथमिक परीक्षाही माफ. साध्या कामगाराच्या बायकोला मात्र सहसा ती परीक्षा द्यावीच लागते. कोणी सामावायचं आणि कोणाला ते विचारायचंच नाही, हे पगारावरून ठरतं, असं म्हणायला जागा आहे.

सरासरी काय लपवते

जर्मनीतच २०१५ साली आलेल्या निर्वासितांचं उदाहरण घ्या. बहुतेक सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधले. सुरुवातीला त्यांना काम करायला बंदी होती, मग आश्रयाचा निकाल लागेपर्यंत थांबणं, मग भाषेचे वर्ग. पहिल्या वर्षी-दोन वर्षांत कामावर असलेल्यांचं प्रमाण अगदी थोडं होतं आणि त्यावरून ‘हे लोक सरकारवर बोजा’ अशी भाषणं झाली. जर्मन रोजगार संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये त्याच लोकांचा रोजगार दर सुमारे ६४ टक्क्यांवर गेला होता. एकूण लोकसंख्येचा सुमारे ७०. नऊ वर्षांत दरी सहा टक्क्यांवर आली, ही बातमी चांगलीच म्हणायची.

पण हाच ६४ फोडून बघितला की आत दोन वेगळे देश दिसतात. पुरुषांचा दर सुमारे ७६ टक्के, म्हणजे जर्मनीतल्या एकूण पुरुषांच्या सरासरीहूनही वर. बायकांचा सुमारे ३५. एका बाजूला काम जवळजवळ फत्ते, दुसऱ्या बाजूला अर्धी वाटही झालेली नाही. ३५ मागे घरच्या चालीरीती आहेत, लहान मुलं आहेत, पण पाळणाघरात जागा न मिळणं आहे आणि भाषेच्या वर्गाला उशिरा पोचणंही आहे. एकच सरासरी सांगणाऱ्याला या दोनपैकी कुठली गोष्ट सांगायची आहे, ते आधी विचारावं.

काळाच्या बाबतीत सरासरी याहून जास्त फसवते. समजा एका शहरात १०० स्थलांतरित आहेत आणि त्यातले ७० कामावर. वर्षभरात आणखी १०० निर्वासित आले. त्यातल्या २० जणांनाच काम मिळालं. दरम्यान जुन्या शंभरातले ७० होते ते ७४ झाले. म्हणजे जुने पुढे सरकले, नव्यांनीही सुरुवात केली. पण एकूण २०० पैकी ९४, म्हणजे ४७ टक्के. गेल्या वर्षी ७०, यंदा ४७. शहरात एकाही माणसाची परिस्थिती बिघडलेली नाही, आणि मथळा येणार ‘स्थलांतरितांच्या रोजगारात मोठी घसरण’. स्वीडनमध्ये २०१५ या एका वर्षात सुमारे १ लाख ६३ हजार आश्रयाचे अर्ज आले, तेही कोटभर लोकवस्तीच्या देशात. त्यानंतरच्या स्वीडिश आकड्यांकडे बघताना हे गणित डोक्यात ठेवायलाच हवं. जाणकार म्हणूनच ‘किती वर्षांपूर्वी आलेले’ असे गट पाडून, तोच गट वर्षानुवर्षं पाहतात. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक. ज्या देशांत जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येकाचा एकच नोंदणी क्रमांक चालतो, म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, तिथं ते बऱ्यापैकी सोपं आहे.

शाळेचं पारडं

माझ्या मते सगळ्यात डोळे उघडणारी तुलना शिक्षणातली आहे. २००६ ते २००८ च्या सुमारास युरोपातल्या पंधरा शहरांत दुसऱ्या पिढीची एक मोठी पाहणी झाली. तिचं वैशिष्ट्य असं की एकच समाज वेगवेगळ्या देशांत पाहिला गेला. तुर्की कामगारांची मुलं. आई-बाप बहुतेक खेड्यांतून आलेले, फारसं न शिकलेले. घरची भाषा, धर्म, चालीरीती सारख्याच. आता ‘संस्कृतीमुळे ते मागे पडतात’ हे खरं असतं तर सगळीकडे सारखंच मागे पडायला हवं होतं. तसं झालं नाही. स्वीडन आणि फ्रान्समध्ये ही मुलं उच्च शिक्षणापर्यंत पोचण्याचं प्रमाण जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या कितीतरी पट होतं.

फरक शाळेत होता. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत आणि ऑस्ट्रियात चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांची वाट ठरते: विद्यापीठाकडे जाणारी शाळा की हाताला काम देणारी. ज्या पोराच्या घरी जर्मन बोललं जात नाही आणि जे बालवाडीत उशिरा गेलं, त्याला भाषा पक्की व्हायच्या आतच निकाल लागतो. त्यात तेव्हाची शाळा बहुतेक दुपारी सुटायची, उरलेला अभ्यास घरी, आणि घरी शिकवणारं कोणी नाही. स्वीडनमध्ये ही विभागणी पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत होत नाही. फ्रान्समध्ये मुलं तिसऱ्या वर्षापासूनच शाळेत. जर्मन आकड्यांत ‘तुर्की मुलांचं अपयश’ म्हणून जे नोंदलं गेलं, त्यात दहा वर्षांच्या मुलाची चाळणी करणाऱ्या व्यवस्थेचा वाटा मोठा होता.

अर्थात नाण्याला दुसरी बाजूही आहे: जर्मनी-ऑस्ट्रियात कारखान्यात उमेदवारी करत शिकण्याची पद्धत मजबूत असल्यामुळे विद्यापीठात न गेलेली मुलंही पुष्कळदा कामाला लागली. फ्रान्समध्ये शाळेत टिकलेल्यांचं भलं झालं, पण बाहेर फेकल्या गेलेल्यांना नोकरी मिळणं अवघड गेलं. म्हणजे रोजगाराच्या खणात जर्मनी बरी, शिक्षणाच्या खणात फ्रान्स. दोन्ही मिळून एकच गुण काढणाऱ्यांच्या हिमतीचं मला नेहमी कौतुक वाटतं.

कायदे मोजणं, मन मोजणं

असा एकच गुण काढणारा सर्वांत प्रसिद्ध निर्देशांक म्हणजे माइपेक्स. पण तो माणसांचं काही मोजतच नाही. तो धोरणं मोजतो. कामाची मुभा, कुटुंब आणण्याचा हक्क, शिक्षण, आरोग्य, मतदान, कायमचं वास्तव्य, नागरिकत्व, भेदभावविरोधी कायदे, अशा आठ विषयांत देशाचे नियम किती उदार आहेत ते बघून १०० पैकी गुण. २०२० च्या फेरीत स्वीडन ८६ गुणांवर पहिला. वर आपण पाहिलं की रोजगाराची दरी मोठी असलेल्या देशांतही स्वीडनचं नाव आहे. दोन्ही एकाच वेळी खरं, कारण एक कायद्याचा आकडा आणि दुसरा परिणामाचा. (त्या फेरीत भारताचाही समावेश होता. गुण २४, अगदी तळाला.)

मतदानाचाच मुद्दा घ्या. स्वीडननं १९७५ च्या कायद्यानं परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मत दिलं. नेदरलँड्स, डेन्मार्क, आयर्लंडमध्येही संघाबाहेरच्यांना स्थानिक मतदान करता येतं. जर्मनीत राज्यांनी प्रयत्न केला, तो १९९० साली घटना न्यायालयानं रोखला. त्यामुळे म्युनिकमध्ये वीस वर्षं राहिलेला, कर भरणारा भारतीय नागरिक नगरपालिकेलाही मत देऊ शकत नाही. नागरिकत्व घे म्हणावं, तर जर्मनीनं २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण भारत देत नाही. एकीकडे मिळवायचं तर दुसरीकडचा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर) समाधान मानायचं. कोणी सातारची शेतजमीन डोळ्यापुढे आणतो, कोणी म्हातारे आई-वडील, आणि निर्णय पुढे ढकलतो. सक्रिय नागरिकत्वाच्या खणात त्याची ‘उदासीनता’ नोंदली जाते. तिचं एक कारण दिल्लीतल्या कायद्यात आहे.

मन मोजायला गेलं तर आणखी गंमत. ‘तुम्हाला इथं भेदभाव जाणवतो का?’ असं पाहणीत विचारलं, तर वाटेल की नव्यानं आलेला, भाषा न येणारा माणूस जास्त तक्रार करेल. नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या अभ्यासांत पुष्कळदा उलट दिसलं: जास्त शिकलेले, भाषा उत्तम येणारे लोकच भेदभाव जास्त सांगतात. कारण कळण्यासारखं आहे. जो बातम्या वाचतो, ऑफिसात गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर बसतो, त्याला बढतीत कोण पुढे गेलं हे दिसतं. रात्रपाळीत आपल्याच गाववाल्यांबरोबर साफसफाई करणाऱ्याची तुलना गावाकडच्या आयुष्याशी असते. म्हणजे माणूस जितका आत येतो, तितकी त्याची नाराजी वाढू शकते. आपलेपणाचा आकडा खाली गेला म्हणून सामावणं फसलं असं सरळ म्हणता येत नाही.

भावना बाजूला ठेवून भेदभाव मोजायची एक साधी युक्ती मात्र संशोधकांनी काढली आहे. खोटे अर्ज पाठवायचे. शिक्षण, अनुभव सगळं सारखं, फरक फक्त नावात आणि मूळ देशात. ब्रिटनमध्ये २०१६-१७ साली असे हजारो अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले गेले. गोऱ्या ब्रिटिश नावांना सुमारे २४ टक्के होकारार्थी उत्तरं आली, अल्पसंख्याक नावांना सुमारे १५. तेवढीच उत्तरं मिळवायला अल्पसंख्याकाला ६० टक्के जास्त अर्ज करावे लागतील, असा हिशोब निघाला. अर्जदार खोटेच असल्यामुळे यात स्थलांतरितांचं काहीही मोजलं जात नाही; मोजला जातो तो फक्त यजमान. दुहेरी प्रक्रियेची दुसरी बाजू इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

आकड्याला दात येतात तेव्हा

हे सगळं अहवालांपुरतं राहिलं असतं तर वाद तज्ज्ञांचा होता. डेन्मार्कमध्ये तसं राहिलं नाही. तिथलं सरकार २०१० पासून सार्वजनिक गृहवस्त्यांची यादी काढतं. आधी तिचं नाव सरळ ‘घेट्टो यादी’ होतं, २०२१ पासून ‘समांतर समाज’. वस्ती किमान हजार लोकांची हवी. निकष चार: ४० टक्क्यांहून जास्त लोक नोकरी किंवा शिक्षणात नसणं, गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या किमान तिप्पट, ६० टक्क्यांहून जास्त लोक फक्त शालेय शिक्षणापर्यंतचे, सरासरी उत्पन्न त्या प्रदेशाच्या सरासरीच्या ५५ टक्क्यांहून कमी. यातले दोन लागू झाले की वस्ती ‘दुर्बल’ ठरते. आणि त्यातच निम्म्याहून जास्त रहिवासी ‘बिगर-पाश्चात्त्य’ असतील, तर ती ‘समांतर समाज’.

नाव बदललं की कायदा बदलतो. २०१८ च्या कायद्यांनुसार अशा वस्तीतल्या मुलाला वयाच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला २५ तास पाळणाघरात पाठवणं सक्तीचं, नाहीतर भत्ता बंद. वस्ती सलग काही वर्षं यादीत राहिली, तर तिथली सार्वजनिक कुटुंब-घरं २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची: पाडून, विकून, किंवा रूपांतर करून. कोपनहेगनच्या म्योल्नरपार्कन या अशाच वस्तीतली कुटुंबं यावरूनच कोर्टात गेली. बेकारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे सारखेच असलेल्या दोन वस्त्या, पण घर फक्त एकीतलंच जातं, आणि ते लोकांच्या मूळ देशावरून, हा त्यांच्यासारख्यांचा आक्षेप. युरोपीय न्यायालयाच्या महाधिवक्त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या मतात ही विभागणी वांशिक मूळावर आधारलेली आणि थेट भेदभाव करणारी ठरवली.

देशांच्या डॅनिश वर्गवारीत जपानही ‘बिगर-पाश्चात्त्य’ आहे, भारत तर आहेच. पुण्याहून आलेला एखादा इंजिनिअर अशा वस्तीत भाड्यानं राहिला, तर उत्पन्न, शिक्षण आणि नोकरी या तिन्ही निकषांवर तो वस्तीला वर ओढतो, आणि पन्नास टक्क्यांच्या रेघेकडे मात्र एका माणसानं ढकलतो. त्याचं डेन्मार्कमध्ये जन्मलेलं मूल ‘वंशज’ म्हणून त्याच बाजूला मोजलं जातं. २०१८ साली यादीत २९ वस्त्या होत्या, २०२० साली १५ उरल्या. सरकारनं हे यश म्हणून सांगितलं, आणि काही वस्त्यांत लोकांना खरोखर कामं मिळाली, शिक्षण वाढलं. पण घर पाडल्यावर एखादं बेकार कुटुंब दुसऱ्या गावी हललं, तरी इथला आकडा तितकाच सुधारतो, आणि त्या कुटुंबाचं तिथं पुढे काय झालं हे नोंदवायला यादीत खाना नाही.